एमटीएमची मांजर आणि टीव्ही निर्मितीसंस्थांचे लोगो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन टीव्हीवर १९७० ते १९९० या काळात अनेक गाजलेल्या मालिकांच्या शेवटी, श्रेयनामावली सरकून गेली की, मांजरीचं एक पिल्लू पडद्यावर यायचं, तोंड उघडून म्याँव करायचं आणि जायचं. सगळा कारभार दोन-तीन सेकंदांचा. ते पिल्लू म्हणजे एमटीएम एन्टरप्रायझेस या कंपनीचा लोगो. निर्मितीसंस्थांच्या लोगोंमध्ये इतका जीव ओतलेला दुसरा लोगो मला माहीत नाही. त्याच्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

एमटीएम म्हणजे नेमकं कोण?

मेरी टायलर मूर या अभिनेत्रीच्या नावाची आद्याक्षरं. १९६१ ते १९६६ या काळात 'द डिक व्हॅन डाइक शो'मधल्या गृहिणीच्या भूमिकेमुळे त्या घराघरांत पोहोचल्या होत्या. पुढे सीबीएस वाहिनीने त्यांना स्वतःची मालिका देऊ केली, तेव्हा त्यांनी आणि त्यांचे पती ग्रँट टिंकर यांनी १९६९ मध्ये स्वतःची कंपनी काढली. कंपनीला नाव मेरीचं, पण रोजचा कारभार टिंकर पाहत. त्यांचा शिरस्ता साधा होता: चांगले लेखक शोधायचे आणि वाहिनीच्या साहेबांना त्यांच्यापासून चार हात लांब ठेवायचं.

पहिली मालिका 'द मेरी टायलर मूर शो'. १९ सप्टेंबर १९७० ला सुरू झाली, मार्च १९७७ मध्ये संपली. १६८ भाग आणि २९ एमी पुरस्कार. हा विक्रम २००२ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. मिनियापोलिसच्या एका छोट्या टीव्ही केंद्रात बातम्यांच्या विभागात नोकरी करणारी, तिशीची, अविवाहित बाई नायिका म्हणून उभी करणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. मांजर पहिल्यांदा दिसली ती याच मालिकेच्या शेवटी.

मांजरच का?

कारण हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओकडे सिंह होता. एमजीएमचा चित्रपट सुरू व्हायच्या आधी फिल्मच्या पट्टीच्या वर्तुळातून सिंह डोकं बाहेर काढून डरकाळी फोडतो, हे जगभरच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आहे. मेरीच्या नावाची आद्याक्षरं योगायोगाने त्याच्या अगदी जवळची निघाली, फक्त मधलं अक्षर वेगळं. मग सिंहाच्या जागी मांजरीचं पिल्लू बसवलं आणि डरकाळीच्या जागी म्याँव आलं. काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं आणि मधे ते पिल्लू, बस्स.

ही नुसती थट्टा नव्हती. टीव्ही तेव्हा सिनेमाचा धाकटा भाऊ समजला जाई, आणि नवी कंपनी काढणाऱ्या माणसांनी तो धाकटेपणा लपवायच्या ऐवजी मिरवला. मोठ्या पडद्यावर सिंह असेल, घरातल्या खोक्यात घरातलाच प्राणी शोभतो.

आपल्याकडे चित्रसंस्थेच्या बोधचिन्हाचं वजन वेगळं सांगायला नको. प्रभात फिल्म कंपनीची तुतारी फुंकणारी स्त्री पडद्यावर आली की पुढे काय दर्जाचं बघायला मिळणार हे प्रेक्षकाला कळायचं. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू होऊन पुढे पुण्यात आलेल्या त्या कंपनीची ओळख आजही त्या तुतारीवरूनच पटते. फरक एवढाच की तुतारी चित्रपटाच्या आधी वाजायची आणि एमटीएमचं पिल्लू मालिका संपल्यावर यायचं. तो फरक का, ते पुढे येईलच.

ते पिल्लू कोणाचं होतं? म्याँव कसं चित्रित केलं?

पिल्लाचं नाव मिम्सी. भुरकट-नारिंगी पट्ट्यांचं, बेवारस प्राण्यांच्या आश्रयगृहातून आणलेलं. चित्रीकरणाबद्दल सांगितली जाणारी हकीकत अशी: कॅमेऱ्यासमोर बसवल्यावर पिल्लू काही केल्या म्याँव करेना. खूप वेळ वाट पाहिल्यावर त्याने एक जांभई दिली. मग तीच जांभई उलटी चालवली आणि वर म्याँवचा आवाज चढवला. लोगो सावकाश, एकेक चौकट पाहिलात तर तोंडाची उघडझाप आणि आवाज यांचा मेळ थोडा सैल वाटतो, त्यामुळे ही हकीकत पटण्यासारखी आहे.

पुढची कित्येक वर्षं, हिट मालिकांमागून हिट मालिकांच्या शेवटी, हेच एक छोटंसं दृश्य वापरलं गेलं. पिल्लू मोठं होऊन म्हातारं झालं, पडद्यावर मात्र ते पिल्लूच राहिलं.

सगळ्या मालिकांच्या शेवटी एकच लोगो असायचा का?

नाही, आणि एमटीएमची खरी गंमत इथेच आहे. मूळ दृश्य तेच, पण मालिकेचा स्वभाव पाहून पिल्लाचा वेष बदलायचा.

'द व्हाइट शॅडो' ही १९७८ ते १९८१ मधली मालिका शाळेच्या बास्केटबॉल संघाची, म्हणून पिल्लासोबत बास्केटबॉल. 'हिल स्ट्रीट ब्लूज' ही १९८१ मध्ये सुरू झालेली पोलीसठाण्याची मालिका, तिथे पिल्लाच्या डोक्यावर पोलिसी टोपी. 'सेंट एल्सव्हेअर' ही १९८२ ते १९८८ मधली बोस्टनच्या एका खंगलेल्या रुग्णालयाची मालिका, तिथे पिल्लाच्या तोंडावर शस्त्रक्रियेच्या वेळचा मास्क. आणि 'रेमिंग्टन स्टील' या गुप्तहेर-मालिकेच्या शेवटी पिल्लाच्या डोक्यावर शेरलॉक होम्सची म्हणून ओळखली जाणारी दोन टोकांची टोपी, तोंडात वाकडा पाइप. पिल्लू म्याँव करायला तोंड उघडतं आणि पाइप खाली पडतो.

हा शेवटचा लोगो मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात नुसती टोपी चढवलेली नाही, एक विनोद बसवला आहे. विनोदाला सुरुवात आहे, मध्य आहे आणि पाइप पडतो तो शेवट आहे. तीन सेकंदांत. कुणीतरी बसून यावर विचार केला, वेळ घालवला, आणि तोही अशा जागी की जिथे निम्मे प्रेक्षक उठून स्वयंपाकघरात गेलेले असतात. शेवटपर्यंत बसलेल्या प्रेक्षकाचा हा मान आहे असं मी मानतो.

'न्यूहार्ट'च्या शेवटी मांजर माणसाच्या आवाजात का बोलते?

तो आवाज मालिकेचे नायक, विनोदी अभिनेते बॉब न्यूहार्ट यांचा. व्हर्माँटमधली जुनी सराई चालवणाऱ्या लेखकाची ही मालिका १९८२ ते १९९० चालली. चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, सपाट सुरात बोलणं ही न्यूहार्ट यांची खासियत. पिल्लू तोंड उघडतं आणि त्या सपाट सुरात एक शब्द येतो, 'म्याँव'. ज्याने आधीचा अर्धा तास पाहिला आहे त्यालाच त्याचं हसू येणार.

२१ मे १९९० च्या शेवटच्या भागात याच्या पुढचं पाऊल टाकलं. मालिकेत लॅरी नावाचं एक पात्र आहे आणि त्याचे दोन भाऊ, दोघांचंही नाव डॅरिल. आठ हंगामांत या दोन डॅरिलनी तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. शेवटच्या भागात ते अचानक आपापल्या बायकांवर ओरडतात, 'गप्प!' आणि त्या रात्री लोगोतली मांजरही म्याँवऐवजी तेच ओरडली.

त्याच भागाचा शेवटही निर्मितीसंस्था एक असण्यामुळे साधला. सराईवाला झोपेतून जागा होतो तो थेट १९७२ ते १९७८ मधल्या 'द बॉब न्यूहार्ट शो'च्या शयनगृहात, शेजारी त्या जुन्या मालिकेतली बायको एमिली, म्हणजे सुझान प्लेशेट. आठ वर्षांची अख्खी मालिका एक स्वप्न. दोन्ही मालिका एमटीएमच्याच होत्या.

'सेंट एल्सव्हेअर'च्या शेवटच्या भागात मांजर मेली, हे खरं आहे का?

पडद्यावर, हो. २५ मे १९८८ च्या त्या शेवटच्या भागाची चर्चा होते ती बर्फाच्या काचगोळ्यामुळे. टॉमी वेस्टफॉल हा आत्ममग्न मुलगा हातातल्या गोळ्याकडे बघत बसलेला आहे, गोळ्याच्या आत रुग्णालयाची इमारत आहे, आणि सहा हंगामांचं सगळं कथानक त्याच्या मनातलं होतं असं सुचवलं जातं.

पण त्यानंतरची श्रेयनामावली तेवढीच महत्त्वाची. नेहमीचं मास्क घातलेलं पिल्लू नाही. काळ्या पडद्यावर मिम्सी निपचित पडलेली आहे, सलाईन लावलेलं आहे, शेजारी हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर. वरून नावं सरकत राहतात, मॉनिटरची टिकटिक चालू असते. नावं संपतात आणि मॉनिटरवरची रेषा आडवी होते.

हे क्रूर होतं असं म्हणणारे आहेत. मला ते तसं वाटत नाही. 'सेंट एल्सव्हेअर'ने सहा वर्षं एकच गोष्ट आग्रहाने दाखवली: रुग्णालयात सगळे वाचत नाहीत, आवडतं पात्रसुद्धा नाही. त्या मालिकेने स्वतःच्या कंपनीच्या लोगोलाही सूट दिली नाही. कुठलाही मालक आपलं बोधचिन्ह पडद्यावर मरू देत नाही. एमटीएममध्ये लेखकांची सत्ता कुठवर पोहोचली होती त्याचा यापेक्षा चांगला पुरावा सापडणार नाही.

आणि खरी मिम्सी?

तीही त्याच वर्षी, १९८८ मध्ये गेली, भरपूर आयुष्य जगून. शेवटच्या भागातलं दृश्य म्हणजे तिच्या मृत्यूचं चित्रीकरण अशी अफवा अधूनमधून फिरते. ती खोटी आहे.

टीव्हीवर निर्मितीसंस्थेचा लोगो शेवटी का येतो?

टीव्हीवर पहिला मान वाहिनीचा. कार्यक्रम लागायच्या आधी वाहिनी स्वतःचं चिन्ह दाखवते, प्रायोजकाची जाहिरात दाखवते. ज्याने कार्यक्रम बनवला त्याच्या वाट्याला श्रेयनामावलीनंतरचे क्षण उरतात.

यामागे पैशाची गोष्ट आहे. १९७० मध्ये अमेरिकेच्या संघराज्य दळणवळण आयोगाने नियम केला की सीबीएस, एनबीसी आणि एबीसी या तीन बड्या वाहिन्यांना रात्रीच्या मुख्य वेळेतल्या बहुतेक मालिकांमध्ये आर्थिक हिस्सा ठेवता येणार नाही आणि पुनःप्रक्षेपणाच्या विक्रीतही पडता येणार नाही. म्हणजे वाहिनीने मालिका दाखवायची, मालकी मात्र निर्मात्याची. वाहिनी जी परवाना-फी द्यायची त्यात बऱ्याचदा खर्चही भागत नसे. निर्माता तोटा सोसून भाग बनवत राहायचा आणि पुरेसे भाग जमले की ते देशभरच्या स्थानिक केंद्रांना विकायचा. खरी कमाई तिथे.

एमटीएम आणि निर्माते नॉर्मन लिअर यांची टँडम या कंपन्या याच काळात बहरल्या. शेवटचा लोगो म्हणजे अशा निर्मात्याची सातबाऱ्यावरची नोंद होती: हे शेत कुणाचं, ते तिथे लिहिलेलं असायचं. १९९३ मध्ये हे नियम सैल व्हायला लागले आणि काही वर्षांत वाहिन्या पुन्हा स्वतःच्याच मालिका बनवू लागल्या.

एकाच भागाच्या शेवटी दोन-तीन लोगो का दिसतात?

पहिला बनवणाऱ्याचा, दुसरा बहुतेक वेळा विकणाऱ्याचा. 'द मेरी टायलर मूर शो'चं पुनःप्रक्षेपण व्हायकॉम विकायची, म्हणून मांजरीनंतर व्हायकॉमचं चिन्ह यायचं. व्हायकॉम ही मुळात सीबीएसचीच शाखा. वर सांगितलेल्या नियमामुळे सीबीएसला ती १९७१ मध्ये वेगळी काढावी लागली. पुढे व्हायकॉम इतकी वाढली की शतक संपताना तिनेच सीबीएस विकत घेतली.

कंपन्यांची खरेदी-विक्री झाली की नवा मालक जुना लोगो कापतो किंवा त्याच्यावर स्वतःचा चढवतो. लोगो जमवणारी मंडळी याला 'प्लास्टरिंग' म्हणतात, आणि जुन्या मालिकांचं हे मोठं नुकसान आहे. चित्रपटाच्या सुरुवातीचा सिंह कुणी कापला तर आरडाओरडा होईल. मालिकेच्या शेवटची मांजर कापली तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

काही लोगोंना लोक घाबरायचे, हे खरं का?

अगदी खरं. १९६५ ते १९७४ मधला स्क्रीन जेम्स या निर्मितीसंस्थेचा लोगो: सरकत येणाऱ्या रेषा, मधे एक ठिपका, त्यातून घडणारं इंग्रजी 'एस' अक्षर, आणि त्यासोबत सिंथेसायझरचे कर्कश, तुटक सूर. त्या वेळच्या लहान मुलांनी त्याची एवढी धास्ती घेतली की मोठेपणी त्यांनी त्याला 'नरकातला एस' असं नाव दिलं. २०१० मध्ये या भीतीवर एक लघुमाहितीपटही निघाला. व्हायकॉमचं १९७६ पासूनचं, पडद्यावर झेपावत येणारं 'व्ही' अक्षरही याच यादीत.

यात हसण्यासारखं काही नाही. आवडता कार्यक्रम संपला, खोलीत एकटं मूल, आणि अचानक मोठ्या आवाजात एक निर्जीव आकार अंगावर येतो. एमटीएमच्या मांजरीने असं कुणाला घाबरवल्याचं माझ्या वाचनात नाही.

एमटीएममधून बाहेर पडलेल्यांचे लोगो कसे होते?

घरची शिकवण दिसून येते. गॅरी डेव्हिड गोल्डबर्ग एमटीएममध्ये लेखक म्हणून तयार झाले. पुढे 'फॅमिली टाइज'साठी स्वतःची कंपनी काढली तेव्हा लोगोत आला त्यांचा लाडका कुत्रा उबू. तोंडात फ्रिसबी धरून पॅरिसच्या त्वीलरी बागेत उभा असलेला त्याचा फोटो, वर मालकाचा आवाज, 'बस, उबू, बस! शहाणा कुत्रा!' आणि एक भुंक.

'हिल स्ट्रीट ब्लूज'चे सहनिर्माते स्टीव्हन बोचको यांनी स्वतःच्या कंपनीच्या लोगोत व्हायोलिन वाजवणारा माणूस ठेवला. तो माणूस म्हणजे त्यांचे वडील रुडॉल्फ, व्यवसायाने व्हायोलिनवादक. पोलीस आणि वकिलांच्या रोखठोक मालिकांच्या शेवटी व्हायोलिनचे ते सूर ऐकले की मला दरवेळी बरं वाटतं.

एमटीएमशी संबंध नसलेल्यांनीही ही जागा आपलीशी केली. विनोदी मालिकांचे निर्माते चक लॉरी १९९७ पासून प्रत्येक भागाच्या शेवटी स्वतः लिहिलेला नवा मजकूर दाखवतात. तो सेकंदभरच दिसतो, त्यामुळे वाचायचा तर चित्र थांबवावंच लागतं.

मग कंपनी बंद का पडली?

टिंकर १९८१ मध्ये एनबीसीचे प्रमुख म्हणून गेले. त्याच वर्षी त्यांचा आणि मेरी यांचा घटस्फोट झाला. १९८८ मध्ये एमटीएम इंग्लंडच्या टीव्हीएस या प्रादेशिक वाहिनीने सुमारे ३२ कोटी डॉलरना घेतली. वेळ चुकली. अमेरिकेत पुनःप्रक्षेपणाचा बाजार थंडावत होता, विशेषतः तासाभराच्या नाट्यमालिकांना गिऱ्हाईक मिळेना. खरेदीच्या ओझ्याने टीव्हीएस वाकली आणि १९९१ च्या लिलावात तिचा प्रक्षेपण-परवानाच गेला. १९९३ मध्ये इंटरनॅशनल फॅमिली एन्टरटेनमेंटने तिला घेतलं, १९९७ मध्ये ती फॉक्सच्या गोटात गेली आणि वर्षभरात एमटीएम हे नाव मिटलं. २०१९ मध्ये फॉक्सचा संग्रह डिस्नेकडे आला, त्यात मिम्सीही गेली.

आज हे लोगो बघायचे तर काय करावं?

१९९४ पासून एनबीसीने श्रेयनामावली पडद्याच्या एका बाजूला दाबून उरलेल्या जागेत पुढच्या कार्यक्रमांची झलक दाखवायला सुरुवात केली, आणि इतरांनी तोच कित्ता गिरवला. आता ऑनलाइन मंचांवर तर नावं सुरू होताच पुढचा भाग लागतो. त्यामुळे आधी सेटिंगमध्ये जाऊन 'पुढचा भाग आपोआप लावा' हा पर्याय बंद करा. मग श्रेयनामावली पूर्ण पडद्यावर, आवाज चालू ठेवून बघा.

शक्य असेल तर जुन्या प्रक्षेपणावरून उतरवलेली प्रत शोधा, कारण नंतरच्या प्रतींमध्ये प्लास्टरिंगची शक्यता जास्त. घरात कुणाकडे अमेरिकेतून आणलेल्या, टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या व्हीएचएस टेप पडून असतील तर त्या टाकू नका. टेपवरची मालिका कदाचित कुठेतरी चांगल्या प्रतीत मिळेल, पण तिच्या शेवटचे ते तीन सेकंद, त्या रात्री जसे दाखवले गेले तसे, फक्त त्या टेपवरच असू शकतात. लोगो जमवणाऱ्यांचे बरेचसे संग्रह अशाच घरगुती टेपमधून उभे राहिले आहेत.